चांदवडला न जन्मलेले टेकचंदकाका

मागच्या महिन्यात मी एका त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाचा जन्म परस्पर चांदवडला उरकून टाकला. हेतू चांगला होता. माझ्या बहुतेक घोटाळ्यांमागे हेतू चांगलाच असतो, असं सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणते. कौतुकानं म्हणत नाही.

हा माणूस म्हणजे आमच्या समोरच्या ब्लॉकमधले टेकचंदकाका. जन्म सिंधमधल्या शिकारपूरचा. फाळणीच्या वेळी पाच वर्षांचे होते. आईवडिलांबरोबर इकडे आले, देवळालीला निर्वासितांच्या छावणीत वाढले, आणि पुढे चाळीसेक वर्षं मेन रोडच्या एका बोळात बटणं, दोरे आणि अस्तराचं दुकान चालवलं. काकू गेल्यापासून एकटेच राहतात.

काकांना कुणी काहीही सांगितलं की ते उजवा हात पुढे करतात आणि विचारतात, "प्रूफ?"

दूधवाला म्हणाला, म्हशीचं आहे. "प्रूफ?" सोसायटीचे नवे चेअरमन ओळख करून द्यायला आले, तर काकांनी त्यांना दारातच उभं करून निवडीच्या ठरावाची प्रत मागितली. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पेढे द्यायला गेलो, तेव्हा पेढा आधी तोंडात टाकला आणि मग हात पुढे केला. आमच्या लग्नाची नोंदणी झालेली नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी अल्बम दाखवला. काका म्हणाले, "ह्यात तर तू घोड्यावर पण बसलाय. घोडा तुझा होता काय?"

नवीन राहायला आलो तेव्हा मी त्यांना, लोक विचारतात तसं, विचारलं होतं, "काका, तुम्ही मूळचे कुठले?" "तू कुठला?" ते म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, इथलाच, नाशिक जिल्ह्यातला, जन्म आजोळी नांदगावला. हात पुढे आलाच. मी हौसेनं जन्माची नोंद काढून आणली. तिच्यात वडिलांचं नाव होतं, आईचं होतं, आणि माझ्यापुढे नुसतं 'पुरुष' एवढंच लिहिलेलं होतं. बारसं व्हायच्या आत नोंद झाली असणार. काकांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे बघ विनायक, मी बाहेरचा, पण नावासकट. तू इथला, पण बिननावाचा."

त्यानंतर मी कागदांच्या बाबतीत फार काटेकोर झालो. टेबलाच्या खणात फायली, फायलींवर चिठ्ठ्या. कॉलनीत कुणाचाही फॉर्म असला की माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी माझी आई गेली, तेव्हा रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करण्याचा अर्जही मी महिन्याभरात भरून तयार ठेवला. एकदा काकांनी तो टेबलावर पाहिला. त्या दिवशी प्रूफ मागितलं नाही. फक्त म्हणाले, "घाई काय आहे?"

तर, काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. लांबून मला ते आवाजावरूनच ओळखू लागले, आणि तरी प्रूफ मागत. सरकारी योजनेतून ऑपरेशन होणार होतं, पण त्यासाठी हवा रहिवासाचा दाखला, आणि दाखल्यासाठी काका ह्या देशाचे आहेत हे सिद्ध व्हायला हवं. ठरलेल्या तारखेच्या आत आलेला निर्वासित असेल तर तो नागरिक. नंतरचा असेल तर निराळा अर्ज, निराळं ऑफिस. त्यांच्याकडे पुरावा होता. आयुष्यभर जगाकडे पुरावे मागणाऱ्या माणसाकडे एक अस्सल पुरावा होता: छावणीत मिळालेलं कुटुंबाचं नोंदणी कार्ड. बटणांच्या चपट्या डब्यात ठेवून तो डबा ते सदऱ्याच्या आतल्या खिशात बाळगत.

अडचण एवढीच, की खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मूळ प्रत जमा करा. पडताळणी झाली की परत मिळेल."

"जमा नाही," काका म्हणाले.

असं तीन वेळा झालं. मी समजावलं, सुमननं समजावलं. सुमनला ते बेटा म्हणतात, तिचं सगळं ऐकतात, हे सोडून. चौथ्या वेळी मी चतुराई केली. घरी बसून नवीन अर्ज ऑनलाइन भरला. जन्मस्थानापुढे राज्य महाराष्ट्रच येत होतं, जिल्हा निवडला नाशिक, आणि तालुक्याच्या यादीत शिकारपूर असणार नव्हतंच. रकाना भरल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. इगतपुरी टाकावं म्हटलं, पण तिथल्या पावसात एवढं लहान मूल कशाला, असा एक वेडगळ विचार आला. चांदवड सुमनचं माहेर. तेच टाकलं. इथेच जन्मलेला माणूस म्हटल्यावर छावणी नको, कार्ड नको, जमा करणं नको. मी माझ्यावरच खूश झालो.

प्रिंट घेऊन गेलो. काकांनी भिंग लावून एकेक ओळ वाचली आणि चांदवडवर थांबले.

"गाव चांगलं आहे," ते म्हणाले. "तिथे जन्मायला माझी हरकत नाही. पण माझी आई तिथे कधी गेली नव्हती."

मी म्हणालो, काका, काम होतंय, गप्प बसा, डोळे जातील.

"जाऊ दे. आंधळा झालो तरी शिकारपूरचाच आंधळा होईन. फाड ते."

मी तो अर्ज रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी शिकारपूर लिहिलेला जुनाच अर्ज आणि काकांना घेऊन थेट पडताळणीच्या मॅडमसमोर गेलो. मॅडम तिशीच्या, चेहऱ्यावर तीनशे अर्जांचा थकवा. "आजोबा, कार्ड द्या, स्कॅन करून लगेच देते." काकांनी डबा उघडला. कार्ड पुढे केलं, पण एक कोपरा अंगठ्यात धरूनच ठेवला. मॅडमनी हळूच ओढलं. काकांनी सोडलं नाही. मागची रांग कुजबुजायला लागली. एकानं सुनावलं की आजोबा, सरकार काही तुमचं कार्ड खात नाही. काका वळून म्हणाले, "प्रूफ?"

मी खाली बघत उभा राहिलो.

शेवटी मॅडम उठल्या. काकांना टेबलाच्या आत घेतलं आणि स्कॅनरपाशी नेलं. कार्ड काचेवर, काकांचा अंगठा कार्डावर, वर अर्धवट मिटलेलं झाकण. पडद्यावर कार्ड उमटलं, अंगठ्यासकट. छावणीचा शिक्का, नोंदणीची तारीख, सगळं स्वच्छ. तारीख मुदतीच्या आतली होती. मॅडम नावं वाचत गेल्या: वडील, आई, मोठा भाऊ, खुद्द टेकचंदकाका.

"अर्जात तुम्ही चौघंच लिहिलेत. इथे पाच आहेत. ही गोपी कोण?"

"बहीण. दोन वर्षांची."

"हयात आहेत?"

काका म्हणाले, "कार्डावर आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत. वीस वर्षं शेजारी राहून मला हे नाव माहीत नव्हतं.

काका कार्डाकडे बघत सांगत गेले, आवाज न चढवता. छावणीत ताप आला, गेली. पुढच्या आठवड्यात कारकून तंबूत नाव कापायला आला. आई म्हणाली, रेशन चौघांचं द्या, पाचव्याचा दाणा नको, पण कार्ड देणार नाही. कारकून ओरडला, शिपायाला बोलावलं. आई कार्डावर बसून राहिली. "फोटो नाही, बेटा. जन्माचा कागद तिकडे राहिला, मेल्याचा इकडे कुणी केला नाही. ती होती ह्याचा एवढाच प्रूफ आहे. तो मी जमा करू?"

मॅडमनी स्क्रीनकडे तोंड केलं. कुटुंबाच्या रकान्यात चार होते, ते खोडून त्यांनी पाच केले, 'मूळ प्रत पाहिली' असा शेरा टाइप केला आणि काकांना म्हणाल्या, "आता डब्यात ठेवा."

दाखला आठ दिवसांत आला. ऑपरेशनची तारीखही मिळाली. काका दाखला घेऊन आमच्याकडे आले आणि न मागता माझ्यापुढे धरला. जन्मस्थान शिकारपूर.

त्या संध्याकाळी मी सुमनला ऑफिसातली सगळी हकिगत सांगितली. ती मेथी निवडत होती. सांगून झालं तरी निवडतच राहिली. शेवटी देठं कागदात गुंडाळून उठली आणि म्हणाली, "तो आईंचं नाव कमी करायचा अर्ज तुमच्या खणात आहे ना? राहू दे तिथेच."