सरदार क्लाइड यांची तेलमोहीम आणि हौदा काबीज केल्याची हकीकत

श्वानकुळीचे समस्त जाणते आणि त्यांस पोसणारे गृहस्थ यांस विदित व्हावे की, दक्षिण गोलार्धातील साउथलँड प्रांती, जेथे जानेवारीत उन्हाळा असतो, वाइकाया नदीचे काठी जो संग्राम दोन महिने चालला, त्यात माणूस एकही कामी आला नाही, दिवाणखान्याचा गालिचा मात्र कामी आला. तो मजकूर जैसा घडला तैसा लिहिला आहे.

राजश्री मर्डॉक गिलक्रिस्ट, वय एकाहत्तर, सातशे मेंढ्यांचे धनी, यांचे पदरी क्लाइड नामे हंटअवे या, भुंकून मेंढ्या हाकणाऱ्या श्वानजातीचा सरदार होता. नऊ वर्षांची चाकरी, वजन बत्तीस किलो, आणि आवाज ऐसा की पायथ्याशी भुंकला तर मेंढ्यांची फौज माथा गाठी. परंतु त्या उन्हाळ्यात, जानेवारीचे प्रारंभी, सरदारांची कंबर आखडली, आणि गाडीच्या ज्या मागील हौद्यात तो रोज एका उडीत चढे, तेथे पुढचे दोन पाय टेकून तो मागे वळून पाहू लागला, आणि मग खासे मर्डॉकराव त्यास बुडाखाली हात घालून वर लोटू लागले. हे त्यांच्या पत्नी इसोबेलबाई यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन दिवस पाहिले आणि चौथे दिवशी फर्मान काढले ते येणेप्रमाणे: मार्चमध्ये डोंगरावर मेंढपाळांच्या क्लबची, मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची चढाओढ आहे, त्या सकाळी क्लाइड आपण होऊन हौद्यात चढला तर डोंगरावर जाईल, न चढला तर त्याचे नाव कायमचे कमी होऊन तो शेगडीशेजारी पेन्शन खाईल. मर्डॉकरावांस हे फार लागले. कारण हल्ली आपण गाडीत कसे चढतो, तेही त्यांस ठाऊक होते.

मग पशुवैद्य डॉक्टर अनाहेरा पराता यांजकडे स्वारी गेली. त्यांनी सांधे चाचपून माशाच्या तेलाची बाटली आणि सूचनांचा कागद दिला. मर्डॉकरावांनी बाटली मेंढ्या कातरण्याच्या शेडमध्ये खिडकीत ठेवली आणि कागद न वाचता खिशात ठेवला. जनावरांस औषध पाजण्यात त्यांची पन्नास वर्षे गेलेली. मेंढ्यांस जंताचे औषध पाजावयाची पिचकारी त्यांनी धुऊन घेतली, तीत तेल भरले आणि सकाळी एक बार, सायंकाळी एक बार, ऐसा मारा सुरू केला. सरदार मिटक्या मारीत गेले. तिसरे दिवशी सरदारांच्या पोटातून जो उठाव झाला, त्यापुढे प्रथम गालिचा पडला आणि मग गाडीची पुढील बैठक पडली.

तेव्हा फोनवर जाबजबाब झाले.

"किती पाजलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"एक दाब सकाळी, एक संध्याकाळी."

"एक दाब म्हणजे किती, मर्डॉक?"

"एका मेंढीचा."

"तो मेंढी आहे का?"

"नाही, भुंकतो ना तो."

"अहो, तो मोठाल्या मेंढीचा डोस! हे तेल छोट्या चमच्याने द्यायचं असतं. आता बंद करा. पाणी भरपूर, उकडलेलं चिकन आणि भात. उद्यापर्यंत थांबलं नाही, किंवा रक्त दिसलं, तर तडक घेऊन या."

"मग वासरांसाठी आणलेलं कॉडच्या यकृताचं तेल आहे, त्यातलं थोडं—"

"अजिबात नाही. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व ठासून असतं. अंगात साठत जातं, आणि जास्त झालं की बाधतं."

"दोन्ही माशाचंच ना?"

"लोकर आणि मटण दोन्ही मेंढीचंच, मर्डॉक. मटणाचा स्वेटर विणता का?"

इसोबेलबाई गालिचा चोळीत होत्या, त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझ्या चहात साखर विचारून घालतोस, आणि कुत्र्याला पिचकारी! अरे, डोकं कुठे ठेवलं होतंस?"

एका दिवसात उठाव शमला आणि मग मोहिमेची सूत्रे बाईंनी हाती घेतली. खिडकीतील बाटली हुंगली तो उन्हाने खवट झालेली, रंगाच्या डब्यासारखा दर्प. ती फेकली आणि नवी आणून फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवली. पोट पुरते ठीक झाल्यावर डॉक्टरीणबाईंस विचारून पाव चमचा, तोही जेवणावर, ऐसी सुरुवात झाली. आठवड्याआठवड्याने पाव पाव वाढवीत, शौचाची पाहणी करीत, चौथ्या आठवड्यात एक चमच्यावर मुक्काम केला. तेल म्हणजे चरबीच, म्हणून बिस्किटांची रसद मूठभर कमी केली. यावर सरदारांनी रिकामा वाडगा अंगणभर ढकलीत निषेध नोंदविला. दुसऱ्या आठवड्यात मर्डॉकरावांचा धीर सुटून हात चमच्याकडे गेला.

"काही फरक नाही गं. अजून एक घालू?"

"सहा आठवडे लागतील म्हणाल्यात त्या. ठेव तो चमचा."

"तोवर चढाओढ येईल."

"येऊ दे. तिचं थोडंच पोट बिघडणार आहे?"

चमचा ठेवला गेला. सहाव्या आठवड्यात क्लाइड सकाळी न कण्हता उठला, परंतु हौद्याकडे ढुंकून पाहीना.

चढाओढीचा दिवस उजाडला. मर्डॉकरावांनी हौद्याची फळी पाडली, शीळ घातली, विनवण्या केल्या. क्लाइड बसून राहिला. बाईंनी डोळे मिटले आणि मर्डॉकरावांनी टोपी काढली. इतक्यात शेजारचे नेव्हिल आपली उंच गाडी घेऊन आवारात शिरले, आणि त्यांच्या हौद्यात थंड मटणाची दोन सँडविचे असलेला उघडा डबा होता. क्लाइड उठला, चार ढांगा धावला आणि पाय कोठेही न टेकविता थेट त्या हौद्यात उतरला.

"हे धरायचं नाही!" नेव्हिल ओरडले. "हौदा माझा, आणि सँडविचंही माझी!"

बाई मोजपट्टी घेऊन आल्या. दोन्ही हौदे जमिनीपासून मोजले, पुन्हा मोजले, आणि निवाडा दिला की, नेव्हिलरावांचा हौदा नऊ सेंटीमीटर उंच, सबब शर्त पुरी होऊन वर शिल्लक राहिली.

त्या दिवशी डोंगरावर सरदार क्लाइड सोळांत चौदावे आले, ही बाब गौण. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, हौदा सर झाला. शत्रूकडील दोन सँडविचे पडली. आणि मर्डॉकरावांस बुडाखाली हात घालण्याचे कामच न उरल्याने, रिकाम्या हातांचे काय करावे हे न कळून, त्यांनी टाळ्या वाजविल्या. इतका मजकूर घडला तो नोंदविला आहे.