सतरा पानं, सगळ्या बायका

"दर आठवड्याला नवरा बावळट आणि बायको कटकटी! प्रेक्षक कंटाळलेत," चॅनेलच्या बाई म्हणाल्या. "आज उलटं करा. बायको वेंधळी, नवरा कटकटी. जमलं नाही, तर मालिका बंद."

चार वर्षं ही एकच मालिका लेखकाच्या हातात होती. उलटं करायला अक्कल कशाला लागते, असं म्हणून त्याने कॉम्प्युटरला हुकूम दिला: 'बायको' दिसेल तिथे 'नवरा' कर. मग दुसरा हुकूम: 'नवरा' दिसेल तिथे 'बायको' कर. चहा येईपर्यंत काही क्रियापदंही हाताने बदलली आणि न वाचताच कागद सेटवर पाठवले.

पंधरा मिनिटांत त्याला सेटवर बोलावणं आलं. नवऱ्याचं काम करणारा नट धावत पुढे आला. "सतरा पानं चाळली, मी कुठंच नाही! मला मारलंत की काय?"

"आणि मी एकटीच माझ्याशी भांडतेय!" नटी म्हणाली.

पहिल्या हुकुमाने सगळेच नवरे झाले होते, दुसऱ्याने सगळ्याच बायका; सगळी वाक्यं बायकोच्या नावावर जमा झाली होती आणि मूळ प्रत पुसली गेली होती.

"क्रियापदं बघा," दिग्दर्शक म्हणाला. "'विसरलो' म्हणजे नवरा."

"काही बदललीत, काही राहिलीत," लेखक पुटपुटला. कुठली, ते त्यालाही आठवेना.

"बरं, 'मी कधी म्हटलं तसं?' हे कोण म्हणतं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मी," नट आणि नटी एकदमच म्हणाले.

आता एकच आधार उरला. लेखक प्रत्येक भाग आधी घरी स्वतःच्या बायकोला वाचून दाखवायचा आणि तिला तो पाठ असायचा. त्याने फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून दिग्दर्शकाने आवाज वाढवला, तिथेच घात झाला.

"अगं, 'माझा चष्मा कुठंय?' हे कोण म्हणतं?"

"तू. आणि तो तुझ्या कपाळावर असतो."

"मालिकेत गं! बरं, 'ओला टॉवेल परत पलंगावर?'"

"तेही तूच. टॉवेल माझा असतो."

"'मी कधी म्हटलं तसं?'"

"रोज म्हणतोस."

सेटवर कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. नटीला राहवेना. "अहो वहिनी, मग बायकोची वाक्यं कुठली?"

"त्यात माझं एकही नाही हो. बावळटही तोच, कटकटीही तोच. मला बोलायला मिळतं कुठं?"

लेखकाचे कान लाल झाले. पण वेळ नव्हता. दिग्दर्शकाने सतराही पानं नटाच्या हातात दिली आणि नटीला सोफ्यावर पेपर वाचत बसवलं. नटाने चष्मा शोधला, टॉवेलवरून आरडाओरडा केला आणि स्वतःशीच भांडून शेवटी स्वतःचीच माफी मागितली. नटीने फक्त पान उलटलं.

चॅनेलच्या बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "हे उलटं आहे की सुलटं, तेच मला कळलं नाही. पण चालू ठेवा."

लेखक घरी आला. पलंगावर ओला टॉवेल पडला होता. त्याने तोंड उघडलं, सेट आठवला, आणि मिटलं.

बायकोने त्याच्या कपाळावरचा चष्मा नाकावर आणून बसवला.

"बोल की," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या आठवड्यात काय लिहिणार?"