कापराची छटा

टॅक्सी माणकोलीच्या पुलावर चढली आणि मगच अपूर्वने आईला खरी गोष्ट सांगितली. आता कोपरीला, आपल्या घरी, परत फिरायची सोय नव्हती.

"आई, नीरजाच्या बाबांना वाटतं की तुला पुअर चहातलं खूप कळतं."

"कसला चहा?"

"पुअर. चिनी असतो. त्याच्या चकत्या वर्षानुवर्षं कपाटात मुरवतात. त्यांना जाम वेड आहे त्याचं. ते बोलत होते, तर मी सहज बोलून गेलेलो की माझ्या आईलापण आवडतो."

वासंतीबाई कर्णिकांनी आजवर आलं घातलेला आणि आलं न घातलेला, एवढ्या दोनच चहांची तुलना केली होती. त्यात आज अपूर्वचं लग्न ठरवायला त्या पुलापलीकडे कोपरला, नीरजाच्या घरी निघाल्या होत्या.

"मग मी करू काय आता?"

"काही नाही गं. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि 'वा' म्हणायचं."

सहदेवराव ताम्हाणे दारातच उभे होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, तेही भाकरीएवढ्या तीन काळपट चकत्यांसमोर. पत्नी हेमाताई आणि मुलगी नीरजा बाजूला बसल्या. दोघींच्या चेहऱ्यांवर सत्यनारायणाची पोथी तिसऱ्यांदा ऐकायला बसलेल्यांची शांतता होती.

"तिन्ही कच्चे पुअर, म्हणजे हळूहळू आपसूक मुरणारे," सहदेवराव म्हणाले. "हा पहिला दोन वर्षांचा. अजून अल्लड आहे."

अल्लडपणा काडेकिराइतासारखा कडू होता. वासंतीबाईंनी डोळे मिटले आणि "वा" म्हटलं.

दुसरा आठ वर्षांचा निघाला. तोही कडूच, पण गिळल्यावर गंमत झाली. "अय्या, आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसं गोड लागतंय की घशात!" त्या खरोखरच म्हणाल्या.

सहदेवरावांचा चेहरा उजळला. "हेच! हेच ओळखायचं असतं! आजवर इथे बसून कुणी बोललं नव्हतं हे."

अपूर्वने सुटकेचा श्वास सोडला. वासंतीबाईंना मात्र कौतुकाने बळ आलं आणि जीभ सैल झाली. घात तिथेच झाला.

"आता हा तिसरा," सहदेवरावांनी आवाज खाली आणला. "अठरा वर्षांचा. यात कापराची छटा आहे. फार दुर्मीळ. आमच्या चहाच्या ग्रुपवर चारशे लोक आहेत, पण अशी छटा कुणाकडे नाही."

वासंतीबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि लख्ख उघडले.

"अहो, कापूर कसला? ही डांबरगोळी आहे!"

अपूर्वला ठसका लागला. "आई, अगं, तिकडे चीनमध्ये तसंच..."

"चीनमध्ये काय ते मला माहीत नाही. स्वेटर ठेवलेली ट्रंक उघडली की येतो ना, तो वास आहे हा."

सहदेवरावांनी कप खाली ठेवला. त्यांनी वासंतीबाईंकडे पाहिलंच नाही, बायकोकडे पाहिलं.

"हेमा, चहाच्या कपाटात काय आहे?"

"तुमचा चहा."

"आणि?"

हेमाताईंनी टीपॉयवरची नसलेली धूळ पुसली. "झुरळं झालेली हो. म्हणून मागच्या बाजूला दोनच गोळ्या ठेवल्या."

"कधी?"

"नीरजा दहावीत होती तेव्हा." नीरजाला आता अठ्ठाविसावं चालू होतं. आपण निष्काळजी आहोत असं वाटायला नको म्हणून हेमाताईंनी पुढे सांगितलं, "दरवर्षी बदलते मी. आणि बोलणार तरी कशी? तुम्ही लगेच त्याला कापूर म्हणायला लागलात!"

सहदेवराव उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. एका शब्दापायी मुलाचं लग्न मोडलं असं वासंतीबाईंना वाटलं. माफी मागावी म्हणून त्या उठल्या, तोच दार उघडलं. सहदेवराव छातीशी चकत्यांचा ढीग धरून उभे होते.

"वासंतीताई, बारा वर्षं मी हा चहा लोकांना पाजतोय. झाडून सगळे 'वा' म्हणाले. खरं बोलणारं माणूस आज भेटलं." ते जमिनीवरच मांडी घालून बसले. "या अकरा चकत्या आहेत. यातल्या कुठल्या वाचल्यात, कुठल्या गेल्यात, तेवढं सांगा."

वासंतीबाईही खाली बसल्या. हुंगणं सुरू झालं, शंका आली तिथे पाणी उकळलं, घोट झाले. चौथ्या चकतीला त्यांना हिंगाचा वास आला, तेव्हा पावसाळ्यात मसाल्याचा डबाही त्याच कपाटात जातो हे हेमाताईंनी कबूल केलं. सातवीवरून दोघांचा वाद झाला. वासंतीबाई म्हणत होत्या ती गेली, सहदेवराव म्हणत होते तिला अजून आशा आहे. तोवर जेवणाचं वरण दोनदा गरम करून झालं होतं. अपूर्व आणि नीरजा गॅलरीत उभं राहून कंटाळले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. त्यांची कुणी दखल घेतली नाही.

परतीच्या टॅक्सीत अपूर्वने धीर करून विचारलं, "मग? काय ठरलं?"

"चार नक्की वाचल्या. सातवीचं राहिलंय."

"अगं, लग्नाचं!"

वासंतीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "ते बोलायचं राहिलंच की रे."

तेवढ्यात अपूर्वचा फोन वाजला. सहदेवरावांचा मेसेज होता. "पुढच्या रविवारी आईंना घेऊन ये. सातवीचा निकाल लावायचा आहे. तुला काम असेल तर त्यांना नुसतं सोडून गेलास तरी चालेल."