दातांच्या दवाखान्याचं वेब ॲप

"डाउनलोडची कटकट नाही, पासवर्ड नाही, काही म्हणजे काही नाही! लिंक दाबली की नंबर हातात!" यजमानांनी दवाखान्याच्या भिंतीवर लिंकचा कागद चिकटवला आणि दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे असं कौतुकाने पाहिलं, जणू पोटचं पोर परीक्षेत पहिलं आलंय.

हे यजमान म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे यजमान. बाईंनी महिन्यापूर्वीच स्वतःचा दवाखाना थाटला होता. रस्त्यापलीकडे समोरच्या डॉक्टरांचा वीस वर्षं जुना दवाखाना होता, त्यामुळे आलेला एकेक पेशंट टिकवणं भाग होतं. अशात नंबर देणारी मुलगी रजेवर गेली आणि यजमान पुढे सरसावले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते सांगण्याची वाट कधी बघत नसत.

बाईंचा धाकटा भाऊ कळवळून म्हणाला, "भावोजी, फोनमध्ये बसणारं खरं ॲप करू या. ते एका फोनला एकच नंबर देईल. तुमच्या वेब ॲपला काय कळणार, कोण नवा आणि कोण जुना?"

"कळायचंय कशाला? ठणकणारा दात घेऊन माणूस डाउनलोड करत बसेल?"

"अहो, एक पेशंट जरी समोर गेला ना," बाई म्हणाल्या, "तर तुम्हाला इथल्या पंख्याच्या बटणालाही हात लावू देणार नाही!"

दहा वाजता गालाला रुमाल बांधून एक आजोबा आले. लिंक दाबली, नंबर आला एक. तेवढ्यात आतून मशीनची घरघर ऐकू आली. आजोबांनी घाबरून पुन्हा लिंक दाबली, तर नंबर दोन! त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आणखी सात वेळा दाबली.

"नंबर एक!" यजमानांनी पुकारा केला.

"माझा नऊ आहे," आजोबा गरीब चेहऱ्याने म्हणाले आणि फोन दाखवला.

दातांच्या दवाखान्यात लवकरचा नंबर कुणालाच नको असतो, ही साधी गोष्ट यजमानांच्या डोक्यातच आली नव्हती! आजोबांनी युक्ती शेजारच्या मास्तरांना सांगितली, मास्तरांनी पलीकडच्या काकूंना. बघता बघता सगळा बाक खाली माना घालून बोटं चालवू लागला.

"नंबर चाळीस!"

"माझा एकशे बारा," मास्तर म्हणाले.

"माझा एकशे तीस!" काकूंनी अभिमानाने सांगितलं.

यजमान धावत आत गेले. "अगं, तासाभरात एकशे चाळीस नंबर गेले!"

"मग माझी खुर्ची रिकामी का?"

यजमान बाहेर आले. आता ज्यांचा दात खरोखरच ठणकत होता ते दारात येत, स्क्रीनवर 'तुमच्या आधी २१२ जण' वाचत आणि आल्या पावली रस्ता ओलांडत. बाईंनी खिडकीतून सहावा पेशंट पलीकडे जाताना पाहिला.

"हे घ्या, खरं ॲप!" मेहुणा पुढे झाला. त्याने आजोबांचा फोन घेतला. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

"नातीचे थोडे फोटो काढून टाकू?"

"खबरदार! हा बघा, हा तिचा पहिला दात!" आजोबांनी एकेक फोटो दाखवायला घेतला. सगळा बाक दात विसरून फोटोंभोवती गोळा झाला, काकू मात्र ॲप उतरवायला लागणारा आपला पासवर्ड आठवत एकट्याच बसल्या.

शेवटी हातमोजे घातलेल्या बाई बाहेर आल्या आणि त्यांनी भिंतीवरचा कागद टराटरा फाडला.

"सगळ्यांनी आ करा!" त्या कडाडल्या. सगळ्यांनी निमूटपणे आ केला. यजमानांनीही केला. बाईंनी रांगेवरून नजर फिरवून मास्तरांना दंडाला धरलं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. समोरचे डॉक्टर होते आणि त्यांना चांगलीच धाप लागली होती.

"मॅडम, आज माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही हो! तुमच्या यजमानांनी गर्दी पांगवायचं काहीतरी ॲप केलंय म्हणे. मला मिळेल का?"

यजमान भिंतीत शिरायला जागा शोधत होते. बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या गोड हसल्या.

"अहो, बघता काय? त्यांना आत्ताच्या आत्ता लिंक पाठवा!"