सैकू दारबो ३१ मार्चला गेला

सैकू दारबो ३१ मार्चला स्वदेशी परत गेल्याची नोंद आमच्या स्थलांतर अंदाज विभागाने जानेवारीतच करून ठेवली होती. अंदाज माझा. आश्रयाचा अर्ज फेटाळलेला कोण कधी परत जाईल, हे जर्मनीत माझ्याइतकं अचूक कोणी सांगत नाही, असं बर्लिनहून मला लेखी कळवण्यात आलेलं आहे.

३ एप्रिलला सैकू माझ्यासमोर येऊन बसला.

"साहेब, दर तीन महिन्यांनी देता तसा मुक्कामाचा कागद वाढवून द्या. नाहीतर वृद्धाश्रमातलं काम जाईल माझं."

"पण तू गेलास ना!"

"कुठे?"

"गाम्बियाला. तीन दिवस झाले."

"अहो, हा काय इथे बसलोय! हात लावून बघा."

हात लावून बघण्याची तरतूद नियमांत नाही.

"मग रीतसर हाकलून तरी द्या," तो वैतागला.

"नसलेल्याला हाकलणार कसं? आधी परत यावं लागेल. आणि बेकायदा येणाऱ्यांचा यंदाचा आकडाही मी पक्का केलाय. त्यात तू नाहीस."

"मग तुमच्या आईला कोण भरवणार?"

हा मुद्दा विषयाला सोडून होता. आई त्याच वृद्धाश्रमात, बारा नंबरच्या खोलीत होती, आणि सैकूशिवाय कोणाच्या हातचं खात नव्हती. त्याचं काम सुटलं. तीनच्या कॉफीला मी स्वतः आलुबुखारचा केक घेऊन गेलो, तर तिने तोंड घट्ट मिटलं.

"सैकू कुठाय?"

"गेला."

"खोटारड्या! काल खिडकीखालून हात केला त्याने मला."

मी केक पुन्हा डब्यात ठेवला. पण आकडा बरोबर होता.

मेमध्ये व्यवस्थापक रोझविटाबाईंनी पत्र हातात ठेवलं. "हासेलबाखसाहेब, खोली ३० जूनला रिकामी होतेय. सामान घेऊन जा."

"का बरं?"

"त्यांचं वजन उतरतंय. आम्ही अंदाज काढला, तुमच्याच पद्धतीने. खोली दुसऱ्यांना दिलीसुद्धा."

"अहो, जिवंत आहे ती! ही काय समोर बसलीये!"

"तसं बघण्याची तरतूद नाही," बाई अदबीने म्हणाल्या.

मी धावत कचेरीत आलो. सैकू इथेच आहे, माझा अंदाज चुकला, असा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. चौथ्या दिवशी तो फेटाळला गेला. ज्याचा अंदाज चुकतो असा अधिकारी विभागात नाही, असा शेरा होता.

आज २९ जून. आईने सकाळपासून पाणीही घेतलेलं नाही.

हे वाचून तुम्ही जरा चुकचुकाल आणि पान उलटाल, असा माझा अंदाज आहे. माझा एकही अंदाज आजवर चुकलेला नाही.