भावजींनी केलेली एकमेव घासाघीस

पेणच्या बाजारात माझे भावजी दिसले की कोळणी टोपलीवरचा ओला फडका बाजूला करतात आणि भाव दीडपट सांगतात. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, हा माणूस घासाघीस करत नाही. आकडा ऐकला की खिशात हात. वर विचारणार, "पुरतील ना गो?"

माझं डोकं तिथेच फिरतं. मी रोह्याला कंपन्यांची रिकामी पिंपं घेऊन विकतो. हातगाडीपासून सुरुवात केली, आज स्वतःची वखार आहे, आणि ती माझ्या जिभेच्या जोरावर उभी आहे. पण पेणात पापलेटाचा भाव पाडायला गेलो की ऐकावं लागतं, "तुमचे भावजी बघा नि तुम्ही बघा!" सख्ख्या बहिणीचा नवरा म्हणून वीस वर्षं गप्प बसलो. म्हणजे, माझ्या मानाने गप्प.

"अहो, ती दीडपट सांगते!"

"मागते म्हणजे लागत असतील," एवढंच त्यांचं उत्तर. रिक्षावाला, न्हावी, छत्रीवाला, सगळ्यांना हाच न्याय.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. चार पावलं चालले की धाप. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, ठोके फार मंद पडतायत, पेसमेकर बसवा. किंमत ऐकून मी खुर्चीतून उडालो. तेवढ्यात जुना टेम्पो आला असता!

"याने हृदय नवं होईल?" मी विचारलं.

"नाही. गोळ्या चालूच राहतील. पण धाप कमी होईल, हिंडता-फिरता येईल. नाही बसवला तर कधी चक्कर येऊन पडतील, सांगता येत नाही."

"किती टिकतो?"

"बॅटरी काही वर्षं चालते. मग बदलायची."

"म्हणजे पुन्हा खर्च! नको आम्हाला. चला भावजी!" मी ताडकन उठून बाहेर पडलो. ही माझी ठेवणीतली चाल. रोह्यात दहाव्या पावलाला मागून हाक येतेच. इथे वीस पावलं झाली. जिन्यापाशी थांबून चपलेचा अंगठा उगाच नीट केला. हाक नाही. वळून बघतो तर भावजीही नाहीत.

तणतणत परत आलो आणि दारातच थबकलो. आत भावजी घासाघीस करत होते.

"महिना नाय जमणार, डॉक्टर. दहा दिवस करा."

"अहो, आतली तार सरकेल. डाव्या हाताने महिनाभर जड उचलायचं नाही."

"पंधरा. पैसे सांगाल तेवढे घ्या, पण दिवस कमी करा."

"एवढं काय उचलायचंय तुम्हाला?"

भावजी खाली बघत म्हणाले, "बायको. अर्धं अंग गेलंय तिचं. सकाळी मीच उठवून खुर्चीत बसवतो. बाई ठेवून बघितली. परक्याचा हात लागला की ती दिवसभर बोलत नाय."

ताईला अंथरूण धरून दोन वर्षं झाली होती. मी महिन्यातून एकदा जायचो, फळं ठेवायचो, ती खुर्चीत बसलेली दिसायची. खुर्चीपर्यंत ती येते कशी, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"महिनाभर मी राहतो पेणला!" मी दारातूनच ओरडलो. "बसवा ते मशीन!"

बसवलं. सांगितलेल्या किमतीला. ते मला आजही सलतं.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी भावजी डावा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवून माझ्यामागे उभे. "मानेखाली हात घाल. सावकाश. पिंप नाय ते." ताई अर्ध्या तोंडाने हसली.

आठवड्याने ते म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव ना. दोन आठवड्यांवर येतात का बघ. बोलण्यात तुझा हात कोण धरणार?" सगळं एका दमात बोलले, मध्ये धाप लागली नाही.

मी नाक्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत गेलो. रिसीव्हर उचलला, तसाच ठेवला. परत येऊन सांगितलं, "नाय म्हणाले. पूर्ण महिना."

दुसऱ्या दिवशी मी ताईला उचलायला वाकलो, तेव्हा भावजी पलीकडच्या बाजूने आले आणि ती खुर्चीत टेकेपर्यंत उजवा हात तिच्या पाठीला लावून उभे राहिले.