पांढऱ्या गारीचं जीवनसत्त्व

एका आकड्याला विज्ञानात किंमत नसते. दोन आकडे जुळले, की त्याला सत्य म्हणतात. आमच्या नायजेरियातल्या बेनिन शहरातल्या कंदमुळे संस्थेचा संसार यावरच चालतो.

पिवळ्या कसाव्याच्या कंदात अ जीवनसत्त्व असतं, पांढऱ्यात जवळजवळ नसतं. ते मोजायला आमच्याकडे दोन यंत्रं. मोठं प्रयोगशाळेत असतं (त्याला गार हवेची खोली, आम्हाला व्हरांडा). धाकटं जेवणाच्या डब्याएवढं, कुठंही नेता येतं. धाकट्याचं ऐकावं का, हे ठरवायला समिती नेमली; तीत मीही होतो. जवळच्या, माझ्याच गावच्या शाळेला लावणीसाठी पिवळ्या कसाव्याच्या कांड्या द्यायच्या की नाही, हेही जाता जाता ठरणार होतं.

त्या शाळेत इटोहान स्वयंपाक करते. तिची नात एसोसा दिवस मावळला की भिंत चाचपत चालते. अ जीवनसत्त्व कमी पडतंय, असं डॉक्टर म्हणाले (गोळ्या आल्या की कळवणार आहेत). इटोहानचा सगळा जीव त्या कांड्यांत अडकला होता.

दोन्ही कसावे किसून, आंबवून, भाजून तिनंच नमुन्याची गारी, म्हणजे इथला रोजच्या जेवणातला रवा, करून दिली. धाकटं यंत्र म्हणालं, पांढरी सरस. मोठंही तेच म्हणालं. शंभरात अठ्ठ्याण्णव एकमत! अध्यक्ष डॉक्टर ओमोरेग्बे यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात निकाल ऐकून इटोहान धावत आली. "साहेब, चुकलं माझं. पांढरीत पामतेल घातलं मी."

"का?"

"का म्हणजे? एवढी मोठी माणसं तुम्ही! तुमच्यापुढं आजाऱ्यासारखी फिकट गारी ठेवू? गावानं तोंडात शेण घातलं असतं. घरात होतं नव्हतं तेवढं तेल ओतलं. पिवळीला रंग होता, तिला नाही घातलं."

लाल पामतेलात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. म्हणजे दोन्ही यंत्रांनी तेल मोजलं होतं, आणि अगदी अचूक. समितीचा आनंद दुणावला.

"आई, यंत्रं जुळतात का, एवढाच आमचा प्रश्न," अध्यक्ष प्रेमानं म्हणाले. "गारीत काय होतं, हा विषय वेगळा."

"मग कांड्या?"

"अहवालात पांढरा सरस आहे. पिवळा कशाला?"

"आणि पोरीचे डोळे?"

"डोळ्यांचं खातं पलीकडच्या इमारतीत."

शाळेनं पांढरा कसावा लावला. अहवालाचा मला अभिमान आहे. एसोसा दिसली तर लाज वाटते, म्हणून संध्याकाळी मी दुसऱ्या रस्त्यानं घरी जातो.

तुम्ही मात्र निर्धास्त असा. तुमच्या घरातल्या पिठाच्या पाकिटावर 'जीवनसत्त्वांनी परिपूर्ण' असं छापलंय ना? तेही कुणीतरी दोनदा मोजूनच छापलेलं असतं.